पंगतीत आपलंही पान

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली नागरिकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी एक सरकारी कार्यदल नेमलं. जॉन व्हास्कॉन्सेलोस या आमदारांनी त्यासाठी विधेयक आणलं होतं आणि तीन वर्षांच्या कामाला ७ लाख ३५ हजार डॉलर मंजूर झाले होते. गुन्हेगारी, व्यसनं, शाळागळती, कुमारवयातली गर्भारपणं या सगळ्यांच्या मुळाशी माणसाला स्वतःबद्दल वाटणारा कमीपणा आहे, तो दूर झाला की बाकीचे प्रश्न हलके होतील, अशी त्यामागची धारणा होती. १९९० मध्ये अहवाल आला आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. पुढे कितीतरी शाळांमधून मुलांना आपण किती खास आहोत, याचे धडे मिळू लागले.

हेतू मनापासून चांगला होता. पण त्याच कामासाठी विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी जे संशोधन तपासलं होतं, त्यात आत्मसन्मानाचा आणि या सामाजिक प्रश्नांचा संबंध फारच क्षीण निघाला होता. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. स्वतःबद्दल चांगलं मत असलेली माणसं तुलनेने आनंदी असतात आणि पुढाकार घेतात, हे त्यातून दिसलं. मात्र आत्मसन्मान वाढवला म्हणून मुलांचा अभ्यास सुधारला, असा पुरावा मिळाला नाही. आधी गुण चांगले मिळतात आणि मग स्वतःबद्दल बरं वाटतं, असाच क्रम बहुतेक ठिकाणी होता.

त्यानंतर २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड यांनी एक साधा प्रयोग केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य त्यांनी काही जणांना स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांना मुळातच स्वतःबद्दल बरं वाटत होतं, त्यांना थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा होता, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटू लागलं. कारण प्रत्येक वेळी ते वाक्य उच्चारलं की आतून कुणीतरी लगेच ‘कशावरून?’ असं विचारत होतं, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

हे सारं इतक्या विस्ताराने सांगण्याचं कारण म्हणजे, ‘स्वतःवर प्रेम करायला शिका’ हा सल्ला आज आपल्याकडे घरोघरी पोचला आहे आणि तो बहुतेक वेळा याच रूपात पोचतो. आरशासमोर उभं राहा, मी सुंदर आहे म्हणा, मी यशस्वी आहे म्हणा. ज्याला या सल्ल्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्याच पदरी त्यातून निराशा येते, आणि मग ‘मला साधं स्वतःवर प्रेमही करता येत नाही’ असा आणखी एक दोष तो स्वतःच्या खाती लिहून ठेवतो. माझ्या मते चूक त्याची नसते. त्याला चुकीची वाट दाखवलेली असते. स्वतःबद्दल चांगलं मत बनवणं वेगळं आणि स्वतःची काळजी घेणं वेगळं. आपण तान्ह्या बाळाची काळजी घेतो ती त्याच्याबद्दल चांगलं मत बनवून घेत नाही. आजारी सासऱ्यांना वेळेवर औषध देतो, तेव्हा ते त्या औषधाला पात्र आहेत का, याचा हिशेब करत नाही. घरच्या पंगतीत सगळ्यांची पानं मांडताना कुणाची लायकी आपण तपासत नाही. स्वतःचं पान मांडायची वेळ आली की मात्र ती तपासणी सुरू होते.

ही तपासणीच बंद करता येईल, असं ठामपणे म्हणणारा मानसशास्त्रज्ञ म्हणजे अल्बर्ट एलिस. जन्म १९१३ चा, बालपण न्यूयॉर्कमध्ये गेलेलं. तरुणपणी ते अतिशय बुजरे होते आणि मुलींशी बोलायला तर फारच घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला एक काम लावून घेतलं. ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशी बोलायला सुरुवात करायची. शंभरएक जणींशी ते बोलले. त्यांतल्या एकीनेच पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. एलिस पुढे आयुष्यभर ही गोष्ट सांगत राहिले. ज्या नकाराच्या भीतीने ते गारठून जात होते, तो इतक्यांदा वाट्याला आला तरी त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. नकार एका विनंतीला मिळाला होता, एका माणसाला नव्हे.

१९५५ च्या सुमारास त्यांनी आपली उपचारपद्धती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. कि. मो. फडके, ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी आणि ‘मी, अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिणाऱ्या अंजली जोशी यांच्यामुळे महाराष्ट्रात एलिस पुष्कळ वाचकांना परिचयाचे आहेत. त्यांच्या विचारातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग विनाअट आत्मस्वीकाराचा. एलिस म्हणत की कृतीला गुण जरूर द्या, माणसाला देऊ नका. पोळी करपली, तर पोळी करपली एवढंच खरं. तिथून ‘मी गबाळी आहे’ हा निष्कर्ष निघू शकत नाही, कारण त्याच हातांनी आजवर हजारो पोळ्या नीट भाजल्या आहेत आणि पोळ्यांपलीकडे शेकडो गोष्टी केल्या आहेत. एवढ्या मोठ्या, सतत बदलणाऱ्या, अजून पूर्ण न झालेल्या गोष्टीला एक आकडा देताच येत नाही. वाईट गुण देणं जसं अशास्त्रीय, तसं चांगले गुण देणंही अशास्त्रीय. म्हणूनच एलिस आत्मसन्मान वाढवण्याच्या मोहिमांच्या विरोधात होते. आज यश मिळालं म्हणून मी थोर ठरलो, तर उद्या अपयश आलं की मी क्षुद्र ठरणारच.

मात्र नुसता तर्क पुरत नाही. हे ओळखलं ते इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी. खोल नैराश्यातल्या अनेक रुग्णांना ते विचार बदलायला शिकवत. रुग्ण शिकतही. ‘एका चुकीने मी नालायक ठरत नाही’ हे वाक्य ते बिनचूक म्हणत, तरी त्यांना बरं वाटत नसे. तेव्हा गिल्बर्टनी विचारलं की हे वाक्य तुम्ही मनात म्हणता तेव्हा ते कोणत्या आवाजात ऐकू येतं? उत्तर मिळालं की आवाज कोरडा आहे, तुसडा आहे, जवळजवळ खेकसणारा आहे. शब्द समजुतीचे होते आणि सूर मात्र दटावणीचाच राहिला होता. लहानपणापासून ज्यांनी मायेचा सूर फारसा ऐकलेला नाही, त्यांना तो स्वतःशी लावणं जमत नव्हतं. गिल्बर्टनी पुढची अनेक वर्षं तो सूर शिकवण्याच्या पद्धतीवर घालवली.

त्यांची मांडणी समजायला सोपी आहे. आपल्या भावनांचा कारभार ढोबळमानाने तीन यंत्रणा चालवतात. एक धोक्याची, जी राग, भीती, किळस उठवते. दुसरी धडपडीची, जी काहीतरी मिळवायला धावायला लावते. तिसरी दिलाशाची, जी आईच्या कुशीत मूल शांत होतं तेव्हा काम करत असते. कुणी आपल्यावर ओरडलं की धोक्याची यंत्रणा जागी होते, छाती धडधडते, पोटात गोळा येतो. आपणच आपल्यावर ओरडलो तरी शरीर तसंच वागतं. फरक एवढाच की बाहेरच्या ओरडणाऱ्यापासून दूर जाता येतं, आतल्यापासून जाता येत नाही. म्हणजे दिवसभर स्वतःला बोल लावणारी व्यक्ती एकाच वेळी हल्ला करणारी असते आणि हल्ला झेलणारीही. संध्याकाळी तिला इतका शीण का येतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

याच प्रश्नाकडे दुसऱ्या वाटेने आल्या त्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी, संसार मोडल्याच्या दुःखात, त्या बौद्ध ध्यानाच्या एका वर्गाला जाऊ लागल्या. तिथे त्यांना मैत्रीभावना शिकायला मिळाली. सर्वांचं भलं व्हावं अशी इच्छा मनात धरण्याचं हे जुनं ध्यान आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात सांगितलं आहे की मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासून करावी. मला जसं सुख हवं तसंच इतरांना हवं, हे कळायला आधी स्वतःचं उदाहरण समोर असावं लागतं, असा त्याचा युक्तिवाद. आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात दहाव्या दिवशी शिकवतात ती मैत्रीभावना याच परंपरेतली.

नेफ यांनी २००३ मध्ये या भावनेला मानसशास्त्राच्या चौकटीत बसवलं आणि ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मते स्वतःविषयीच्या करुणेत तीन गोष्टी असतात. दुःखाच्या क्षणी स्वतःशी कठोर न होता मायेने वागणं. आपल्यासारखंच इतरांचंही चुकतं, इतरांनाही सोसावं लागतं, हे ध्यानात ठेवणं. आणि जे वाटतंय ते न दडपता, न फुगवता, आहे तसं पाहणं. यातली मधली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण अपयशाचं पहिलं काम माणसाला एकटं पाडणं हे असतं. नापास झालेल्या मुलाला वाटतं की वर्गात आपण एकटेच असे. गर्भपात झालेल्या बाईला वाटतं की आपल्याच शरीरात खोट. धंद्यात बुडालेला माणूस गल्लीतून जाताना मान वर करत नाही. या प्रत्येकासारखे हजारो आसपास असतात, आणि तेही असेच मान खाली घालून चाललेले असतात.

इथे एक शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. स्वतःशी इतकं मऊ वागलं तर माणूस आळशी होणार नाही का? आपण लाडावून जाणार नाही का? आपल्या घरांत तर ‘छडी लागे छमछम’वर भरवसा ठेवणाऱ्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आहेत. या शंकेची उत्तरं प्रयोगांतून मिळालेली आहेत आणि ती सांगण्याजोगी आहेत.

क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन तरुणींना आधी एक डोनट खायला दिला. नंतर त्यांतल्या काहीजणींना सांगितलं की असलं खाणं सगळ्यांकडूनच होतं, स्वतःवर फार कठोर होऊ नका. काहीजणींना काहीच सांगितलं नाही. मग चव घेण्याच्या निमित्ताने गोळ्या-चॉकलेटांची भांडी समोर ठेवली. ज्यांना मायेचे दोन शब्द मिळाले होते, त्यांतल्या खाण्यावर कडक ताबा ठेवू पाहणाऱ्या तरुणींनी कमी गोड खाल्लं. ज्यांना मिळाले नव्हते, त्यांनी जास्त खाल्लं. उपास मोडला की ‘आता मोडलाच आहे तर’ म्हणत दिवसभर खाणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटू नये. अपराधीपणा सहन होत नाही आणि तो विसरण्यासाठी हात पुन्हा त्याच डब्याकडे जातो.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर असाच एक अभ्यास झाला. पहिल्या परीक्षेआधी ज्यांनी चालढकल केली होती, त्यांच्यापैकी ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. २०१२ मध्ये बर्कलीला ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी एका कठीण चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडे करुणेने पाहायला सांगितलं. दुसऱ्या चाचणीसाठी याच विद्यार्थ्यांनी जास्त वेळ अभ्यास केला. कारण उघड आहे. चूक कबूल केली की आपल्यावर कोरडे ओढले जाणार हे माहीत असेल, तर मन ती चूक पाहायचंच टाळतं. ती पाहिली तरी आपण सुरक्षित राहणार, हा भरवसा असेल तरच माणूस वही उघडून कुठे चुकलं ते तपासतो.

आपल्या परंपरेत स्वतःची स्तुती हा दोष मानला आहे. दासबोधातल्या मूर्खलक्षणांच्या समासात रामदासांनी आत्मस्तुती करणाऱ्याला मूर्खांत बसवलं आहे. ते योग्यच आहे. पण तेच रामदास मनाच्या २०५ श्लोकांत मनाला शिकवायला बसतात, तेव्हा त्याला सज्जन म्हणून हाक मारतात. शिकवण कडक आहे, पुन्हा पुन्हा बजावणं आहे, आणि हाक मात्र आदराची आहे. विद्यार्थी चांगला आहे हे धरूनच शिक्षक बोलतो आहे. मनाला अशी हाक मारण्याचा उपयोग प्रयोगांतही दिसला आहे. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तणावाच्या प्रसंगी ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून मनाशी बोलणाऱ्यांची घबराट कमी झाली आणि भाषणही इतरांच्या मते अधिक चांगलं झालं. जरा अंतर ठेवून बोललं की आपण आपल्यालाही तोच सल्ला देतो जो मैत्रिणीला दिला असता. मनाशी असं बोलण्याची रीत मराठीत शतकानुशतकं चालत आलेली आहे.

तरीही ती सगळ्यांना सहज का जमत नाही, याचं उत्तर वाढवण्याच्या पद्धतीत आहे. मुलाने ब्याण्णव टक्के आणले की ‘बाकीचे आठ कुठे गेले?’ हा प्रश्न ऐकून मोठी झालेली माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतील. विचारणाऱ्या आईवडिलांचं प्रेम खोटं नसतं. तोंडावर कौतुक केलं तर दृष्ट लागेल, मूल शेफारेल, ही भीती त्यांनाही वारशाने मिळालेली असते. पण आईवडील गेल्यावरही तो प्रश्न आत वाजत राहतो. नेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये थायलंड, तैवान आणि अमेरिका या तीन देशांतल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. स्वतःविषयीची करुणा थायलंडमध्ये सगळ्यात जास्त निघाली, तैवानमध्ये सगळ्यात कमी आणि अमेरिका या दोहोंच्या अधेमधे कुठेतरी. म्हणजे पौर्वात्य-पाश्चात्त्य अशी सरळ वाटणी इथे लागू पडत नाही. एका समाजाच्या रोजच्या वागण्यात बुद्धाची करुणा मुरलेली होती आणि दुसऱ्यात स्वतःला सतत सुधारत राहण्याची कडक शिस्त. संस्काराने आलेला सूर संस्कारानेच बदलू शकतो, असा मी याचा अर्थ घेते.

तो बदलायचा कसा? टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या लीआ शपीरा आणि मिरियम माँग्रेन यांनी २०१० मध्ये काही जणांना सलग सात दिवस स्वतःलाच पत्र लिहायला सांगितलं. दिवसभरात जे खुपलं त्याबद्दल, एखाद्या दुःखी मित्राला लिहावं तसं. या लिहिणाऱ्यांमधलं नैराश्य तीन महिने कमी राहिलेलं आढळलं आणि आनंदातली वाढ सहा महिन्यांनंतरही टिकून होती. एवढ्या स्वस्त उपायाचा इतका टिकाऊ परिणाम क्वचितच दिसतो. पत्र चांगल्या भाषेत असण्याची गरज नाही, कुणाला दाखवायचंही नाही. अमुक झालं, मला असं वाटलं, वाटणं साहजिक होतं, इतरांनाही वाटलं असतं, आणि आता उद्या मी हे एक करीन, एवढ्या वाटेने ते गेलं तरी पुरे. लिहायची सवय नसेल तर श्वासापासून सुरुवात करावी. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके मंदावतात. शरीर शांत झालं की मनातला सूरही मऊ लावणं सोपं जातं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी, कारण ती माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण घाबरून हे सोडून देतात. ज्यांनी फार सोसलं आहे, त्यांना पहिल्यांदा स्वतःशी मायेने बोलताना बरं वाटण्याऐवजी रडू फुटतं. जुनी दुःखं वर येतात, कधी राग येतो, कधी आत पोकळी जाणवते. नेफ यांच्याबरोबर आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार करणारे क्रिस्टोफर गर्मर हे नेहमी समजावून सांगतात. पहिल्यांदा जेव्हा बिनशर्त माया मिळते, तेव्हा ती पूर्वी कधी मिळाली नव्हती हेही प्रथमच कळतं. म्हणून जे बाहेर येतं ते नवं दुखणं नसतं, जुनंच वाट सापडून निघत असतं. अशा वेळी नेट लावून बसू नये. उठावं, पायाखालच्या फरशीचा गारवा जाणवू द्यावा, चहा करावा, झाडांना पाणी घालावं, आणि उद्या थोडं कमी करावं.

आणि दुःख याच्याही पलीकडे गेलं असेल, जगणंच नको वाटत असेल, तर वही आणि श्वास यांच्यावर भागवू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं, मराठीतही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रातल्या होत्या २२ हजार ७४६, सर्व राज्यांत जास्त. जाणाऱ्यांमध्ये दहातले सात पुरुष होते. स्वतःची काळजी हा बायकांचा विषय समजून जे पुरुष ही पानं उलटतात, त्यांनी इथे थांबावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. घर चालवणाऱ्या माणसाने ‘मला झेपत नाही’ म्हणायचं नाही, हा नियम कुणी लिहिलेला नाही आणि त्याची किंमत घरालाच मोजावी लागते.

आता शरीराकडे येऊ. स्वतःवरचं प्रेम हे फक्त मनात घडतं असं धरलं की अर्धी गोष्ट निसटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या वर होतं. पुरुषांमध्ये देशभरात २५ टक्के. या आकड्यांचा आणि आतापर्यंत सांगितलेल्या आतल्या आवाजाचा अगदी जवळचा संबंध आहे. हिमोग्लोबिन कमी असलं की जिना चढताना धाप लागते, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. हे सगळं भोगणारी बाई स्वतःला काय म्हणते? मी आळशी झाले. माझ्याच्याने काही होत नाही. मुलांवर उगाच खेकसते, वाईट आई आहे मी. रक्तातली लोहाची कमतरता तिने स्वभावातला दोष म्हणून नोंदवलेली असते. हेच थायरॉइडच्या बाबतीत घडतं, हेच अपुऱ्या झोपेच्या बाबतीत, हेच रजोनिवृत्तीच्या वर्षांत. स्वतःवर आरोपपत्र लिहिण्याआधी रक्त तपासून घ्यावं, हा मला माहीत असलेला सगळ्यात व्यवहारी सल्ला.

गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. पालेभाजीवर, डाळीवर लिंबू पिळावं, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेऊ नये, तो ते शोषण अडवतो. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची रीत मोडावी. भाजी संपली म्हणून लोणच्याशी पोळी खाऊन उठणाऱ्या बाईच्या ताटात लोह येणार कुठून?

ही रीत तिने एकटीने मोडावी असं म्हणणं अन्यायाचं आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवताना दिसल्या, असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. ज्या घरात हे गणित आहे, तिथे बाईला ‘जरा स्वतःकडे बघ’ म्हणणाऱ्याने आधी भांडी घासायला घ्यावीत. स्वतःची काळजी म्हणजे सुगंधी मेणबत्त्या आणि महागडी क्रीम असं बाजाराने ठरवून टाकल्यापासून या शब्दांचं वजनच कमी झालं आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी १९८८ मध्ये ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा कर्करोग त्यांच्या यकृतात पसरला होता. ज्या समाजाला आपण जगलो काय किंवा मेलो काय याची फिकीर नाही, त्या समाजात स्वतःला जपणं ही राजकीय कृती आहे, असं त्यांनी मांडलं. तिथे चैनीचा मागमूसही नव्हता.

दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडे सोशिकपणाचा दागिना समजतात. तो किती महाग पडतो आणि न काढल्यास काय मिळतं, हे मुंबईतच सिद्ध झालं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांतल्या स्त्रियांची स्तनं प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. मॅमोग्राफीसारखं महाग यंत्र कुठेही नव्हतं. वीस वर्षांच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीचा निकाल त्याआधी, २०१४ मध्ये, आला होता. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल.

या तपासण्या आता सरकारी आरोग्यसेवेचा भाग आहेत. तीस वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांसाठी उपकेंद्रावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, बीपी, शुगर आणि तोंडाचा कर्करोग यांची तपासणी होते, आणि स्त्रियांसाठी स्तनाची व गर्भाशयमुखाचीही. हिमोग्लोबिनही तिथेच पाहतात. पैसे पडत नाहीत. आपल्या भागात हे कोणत्या वारी होतं, ते आशाताईंना माहीत असतं. गर्भाशयमुखाची तपासणी पाळीचे दिवस सोडून करतात आणि तिला काही मिनिटंच लागतात, तेव्हा संकोच वाटत असेल तर शेजारणीला किंवा बहिणीला बरोबर घ्यावं आणि दोघींनीही नावं नोंदवावीत.